गेटवेला ‘कॉल’ ठाऊकच नसतो: एमजीसीपी, एच.२४८ आणि एका बाजूने हरवणारा आवाज

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात जुने अ‍ॅनालॉग फोन व्हीओआयपी गेटवेला, म्हणजे फोनचा आवाज नेटवर्कवरच्या पॅकेटांत बदलणाऱ्या डब्याला, जोडलेले आहेत. सगळ्यांवर हुकूम चालवणारा सर्व्हर, म्हणजे कॉल एजंट, अलकापुरीच्या हेड ऑफिसात आहे. नंदेसरीच्या प्लँटमध्ये तसाच आणखी एक गेटवे आहे. मकरपुरा आणि अलकापुरी यांच्यात बोलणं नीट होतं. मकरपुऱ्याहून नंदेसरीला लावलं की घंटी ऐकू येते, समोरचा उचलतो, त्याला आपलं ऐकू जातं, पण आपल्याला त्याचं काहीच येत नाही. गेटवरच्या वॉचमनची रोजची तक्रार, ‘सामेवाळानो अवाज नथी आवतो.’ पॅकेट कॅप्चर केलं (नेटवर्कवरचे मेसेज टिपून पाहिले) तर सिपचा, म्हणजे इंटरनेट फोनच्या नेहमीच्या भाषेचा, कॉल मागणारा ओळखीचा इन्व्हाइट मेसेज कुठेच नाही; आरक्यूएनटी, एनटीएफवाय, सीआरसीएक्स असले चार अक्षरांचे मेसेज दिसतात. व्हेंडर म्हणतो, सिग्नलिंग (कॉल जोडण्या-तोडण्याचे मेसेज) शंभर टक्के ठीक आहे. मग आवाज जातो कुठे? आणि सिप असताना हा एमजीसीपी, म्हणजे कॉल एजंटने गेटवेला हुकूम द्यायची ही भाषा, हवाच कशाला?

व्हेंडर खोटं बोलत नाहीये, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तरही देत नाहीये. सिग्नलिंग ठीक असणं आणि आवाज पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या प्रोटोकॉलमध्ये तर त्यांचे रस्तेही वेगळे. मुळात गेटवेला ‘कॉल’ म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. त्याला कळतं ते एवढंच: या लाइनवर रिसीव्हर उचलला तर कळव, त्या लाइनवर डायल टोन सोड, अमुक पोर्टवर आवाजाची पॅकेटं घे, तमुक पत्त्यावर पाठव. कोण कोणाला लावतोय, परवानगी आहे का, बिल कोणाच्या खात्यावर, हे सगळं कॉल एजंटच्या डोक्यात. मेसेजमध्ये कॉलचा एक आयडी असतो खरा, पण गेटवेच्या लेखी ती नुसती चिठ्ठी. तिचा अर्थ त्याने लावायचा नसतो.

ही विभागणी का झाली ते आधी सांगतो, म्हणजे सिपबद्दलचा प्रश्न अर्धा सुटेल. जुन्या एक्स्चेंजमध्ये सगळं एकाच कपाटात असायचं. सी-डॉटचं १२८ पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज आठवा (सी-डॉटची स्थापना १९८४ ची, आणि तिच्यामागचे सॅम पित्रोदा आपल्याच सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी): लाइन कार्ड, स्विचिंग आणि नंबर पाहून निर्णय घेणारी बुद्धी, तिन्ही शेजारी शेजारी. इंटरनेट टेलिफोनी आली तेव्हा १९९६ च्या एच.३२३ या मानकानेही गेटवे असाच सर्वगुणसंपन्न धरला होता. ऑफिसातल्या चार लाइनींना ते ठीक होतं. पण टेलिफोन कंपनीला हजारो सर्किटं आयपीवर आणायची म्हटल्यावर अडलं. एका ई-१ वर, म्हणजे एक्स्चेंजच्या डिजिटल लाइनवर, बोलण्याचे चॅनेल ३०. दहा हजार सर्किटांसाठी तीनशेच्या वर ई-१ लागतात, आणि ते पसरणार कितीतरी गेटवेंवर. एक्स्चेंजांची आपसातली सिग्नलिंग, एसएस७, मात्र वेगळ्या लिंकवरून येते. प्रत्येक गेटवेला एसएस७ शिकवायचं, स्वतंत्र पॉइंट कोड (एसएस७ मधला पत्ता) द्यायचा आणि नंबरिंग बदललं की प्रत्येकावर जाऊन बदल करायचा, हे कोणाला परवडणार?

म्हणून तीन तुकडे केले. एसएस७ घेऊन आयपीवर सोडणारा सिग्नलिंग गेटवे, निर्णय घेणारा मीडिया गेटवे कंट्रोलर (हाच कॉल एजंट, बाजारातलं नाव सॉफ्टस्विच), आणि आवाजाचं फक्त रूपांतर करणारा मीडिया गेटवे. पलीकडच्या एक्स्चेंजकडून कॉलची पहिली मागणी येते तिच्यात सर्किटचा क्रमांक असतो. कंट्रोलर त्यावरून काढतो की हे अमुक गेटवेच्या तिसऱ्या ई-१ वरचं सतरावं खोकं आहे, आणि त्या गेटवेला सांगतो, ‘त्या खोक्यातला आवाज काढ, पॅकेटात घाल, इकडे पाठव.’ हे सांगण्याची जी भाषा, ती एमजीसीपी. बेलकोअरकडचा एसजीसीपी आणि लेव्हल ३ च्या पुढाकाराने झालेला आयपीडीसी यांच्या मिश्रणातून ती तयार झाली. ऑक्टोबर १९९९ मध्ये आरएफसी २७०५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) म्हणून छापली गेली आणि जानेवारी २००३ च्या आरएफसी ३४३५ मध्ये सुधारली.

आता तुमच्या कॅप्चरकडे. यात सगळ्यात जास्त शिकवणारा मेसेज आरक्यूएनटी, म्हणजे सूचना मागणारा. लोक त्याच्यावरून भराभर स्क्रोल करून पुढे जातात. त्यात तीन गोष्टी असतात: कोणत्या घटनेवर लक्ष ठेवायचं, कोणता सिग्नल वाजवायचा, आणि अंक गोळा करायचे असतील तर कोणत्या नमुन्याप्रमाणे. फोन जागेवर असताना कॉल एजंटने एकच मागितलेलं असतं: रिसीव्हर उचलला तर कळव. वॉचमन उचलतो, गेटवे एनटीएफवाय पाठवतो, एजंट २०० म्हणून पोच देतो आणि लगेच दुसरा आरक्यूएनटी टाकतो: डायल टोन सोड, अंक घे, मध्येच ठेवला तर तेही सांग. पहिला अंक दाबताच डायल टोन थांबतो. तो थांबवायचा हुकूम अलकापुरीहून येत नाही. मागितलेली घटना घडली की चालू सिग्नल बंद करायचा, हा गेटवेचा नियमच आहे. एवढ्या बारीक गोष्टीसाठी नेटवर्कवर फेरी मारावी लागली असती तर प्रत्येक फोन अडखळत चालला असता.

दुसरी बारीक गोष्ट अशी, की एक घटना कळवली आणि पुढचा आरक्यूएनटी यायचा आहे, त्या फटीत वॉचमनने घाईने दोन अंक दाबले तर? ते हरवत नाहीत. गेटवे ते बाजूच्या रांगेत ठेवतो, पुढचा हुकूम आला की आधी ती रांग तपासतो. नव्या माणसाला कॅप्चरमध्ये घटना ‘उशिरा’ कळवलेल्या दिसतात आणि तो नेटवर्कला दोष देतो. पुष्कळदा ती ही रांग असते.

अंकांचा नमुना, म्हणजे डिजिट मॅप, हा एमजीसीपीतला माझा आवडता भाग. प्रत्येक अंक एजंटला कळवत बसण्यापेक्षा गेटवेला सांगून ठेवायचं की असे असे नंबर पूर्ण समजायचे. बडोद्याचा लोकल नंबर ७ अंकी, लँडलाइनचा असेल तर २ ने सुरू. मग नमुन्यात एक पर्याय: २ आणि पुढे कोणतेही ६ अंक. एसटीडीचा दुसरा पर्याय: शून्य आणि पुढे १० अंक. इंटरकॉम तीन अंकी, पण तो १ ने सुरू होत असेल तर ११२ शी भांडण, म्हणून शहाणा माणूस एक्स्टेन्शन ३ किंवा ४ पासून चालू करतो. नमुना जुळला की गेटवे सगळे अंक एका एनटीएफवायमध्ये पाठवतो. अर्धवट राहिलं तर टायमर: नंबर आणखी अंकांशिवाय पूर्ण होणारच नाही अशा वेळी १६ सेकंद, आणि इथेही पूर्ण होऊ शकतो, पुढेही जाऊ शकतो असं असेल तर ४, हे मूळ ठरलेले आकडे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लावायचा नियम आला, तेव्हा ज्यांच्या नमुन्यात ‘६ ते ९ ने सुरू होणारे दहा अंक’ हा जुना पर्याय तसाच राहिला, त्यांच्याकडे विचित्र प्रकार दिसायचा. शून्य न लावता नंबर दाबला तरी गेटवे तो खुशाल पूर्ण समजून पाठवणार, आणि नकार येणार तो थेट पुढच्या एक्स्चेंजकडून. वापरणाऱ्याला वाटतं लाइन खराब आहे.

आता आवाज. नंबर कळल्यावर एजंट मकरपुऱ्याच्या गेटवेला सीआरसीएक्स पाठवतो, म्हणजे कनेक्शन तयार कर. सोबत कोडेक (आवाज आकड्यांत बदलायची पद्धत), २० मिलिसेकंदांचं पॅकेट, आणि मोड: सध्या फक्त ऐक. उत्तरात २००, कनेक्शनचा आयडी आणि एसडीपीच्या, म्हणजे आवाज कुठे आणि कसा घ्यायचा हे सांगणाऱ्या, काही ओळी येतात. त्यातल्या दोनच महत्त्वाच्या: गेटवेचा आयपी पत्ता आणि आवाजाचा यूडीपी पोर्ट. एजंट तीच एसडीपी उचलून नंदेसरीला दुसऱ्या सीआरसीएक्समध्ये देतो, नंदेसरीची एसडीपी परत घेतो आणि एमडीसीएक्सने, म्हणजे कनेक्शन बदलायच्या हुकमाने, मकरपुऱ्याला पोचवतो. पत्त्यांची देवाणघेवाण झाली. नंदेसरीत घंटी वाजवायला एक आरक्यूएनटी, तिकडे उचलल्यावर मोड दोन्ही बाजूंनी खुला करायला आणखी एक एमडीसीएक्स, की अलकापुरीचं आवाजाशी असलेलं नातं तिथेच संपलं. आवाजाची आरटीपी पॅकेटं मकरपुरा ते नंदेसरी थेट धावतात. अलकापुरीचा सर्व्हर त्यातलं एकही पाहत नाही. इतकं की कॉल चालू असताना तो सर्व्हर बंद पडला तरी बोलणं चालू राहतं. फक्त रिसीव्हर ठेवल्याची बातमी घ्यायला कोणी नसतं.

म्हणजे लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं आहे: दोन्ही घरचे पत्ते बरोबर दिले, पण एका घरून दुसऱ्या घरी जायला रस्ता आहे की नाही हे त्याने पाहिलेलं नाही. दोन्ही घरं त्याच्या परिचयाची, इतकंच.

‘पण घंटी तर ऐकू येते’ हा तुमचा मुद्दा. ती घंटी नंदेसरीहून येत नाही. पलीकडे वाजतंय हा सूर मकरपुऱ्याचा गेटवे स्वतः तयार करतो, एजंटने आरक्यूएनटीत सांगितलं म्हणून. घंटी ऐकू आली म्हणून आवाजाचा रस्ता शाबूत आहे असं धरू नका. या एका समजुतीपायी लोक दिवसच्या दिवस केबल आणि लाइन कार्ड बदलत बसतात.

पुरावा तुमच्याच कॅप्चरमध्ये आहे. कॉल संपल्यावर एजंट डीएलसीएक्स पाठवतो, म्हणजे कनेक्शन काढून टाक, आणि गेटवे २५० या उत्तरासोबत हिशेबाची एक ओळ देतो: पीएस म्हणजे पाठवलेली पॅकेटं, ओएस पाठवलेले बाइट, पीआर मिळालेली पॅकेटं, ओआर मिळालेले बाइट, पीएल हरवलेली, जेआय जिटर (पॅकेटं येण्याच्या वेळेतला चढउतार), एलए उशीर. २० मिलिसेकंदांच्या हिशेबाने सेकंदाला ५० पॅकेटं. शांततेत पॅकेटं न पाठवण्याची सोय बंद असेल तर दोन मिनिटांच्या बोलण्यात पीएस सुमारे ६०००, आणि जी.७११ या कोडेकमध्ये प्रत्येकी १६० बाइट म्हणजे ओएस सुमारे ९,६०,०००. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा, की मकरपुऱ्याच्या ओळीत पीएस ६००० च्या आसपास आणि पीआर शून्य सापडेल. नंदेसरीच्या ओळीत दोन्ही ६००० च्या आसपास. म्हणजे नंदेसरी पाठवतेय, पण पॅकेट मकरपुऱ्याला पोचत नाही.

इथे एक सापळा आहे. मकरपुऱ्याच्या त्याच ओळीत पीएल शून्य दिसेल आणि कोणीतरी छाती ठोकून सांगेल, ‘बघा, पॅकेट लॉस नाहीच.’ हरवलेली पॅकेटं गेटवे मोजतो ती आलेल्या पॅकेटांच्या क्रमांकातल्या फटींवरून. एकही आलं नाही तर फट कुठून दिसणार? म्हणून पीएल वाचण्याआधी पीआर वाचायचा.

मकरपुरा–अलकापुरी चालतं आणि मकरपुरा–नंदेसरी एका बाजूने अडतं, यावरून माझा पहिला संशय रूटिंगवर, म्हणजे राउटरला ठाऊक असलेल्या वाटांवर. नंदेसरीच्या राउटरवर अलकापुरीच्या नेटवर्कचा रूट आहे, मकरपुऱ्याचा नाही. सिग्नलिंगला तेवढं पुरतं. आवाजाची पॅकेटं डिफॉल्ट रूटने स्थानिक ब्रॉडबँडकडे निघतात, आणि खासगी पत्त्याची पॅकेटं तिथे मरतात. मकरपुऱ्याच्या राउटरवर मात्र नंदेसरीचा रूट असणार, म्हणून तुमचा आवाज तिकडे पोचतो. तपासायला नंदेसरीच्या गेटवेवरून, गेटवेच्याच पत्त्यावरून, मकरपुऱ्याच्या गेटवेला ट्रेसरूट करा (पॅकेट कोणत्या वाटेने जातं ते त्यात दिसतं). लॅपटॉपवरून नको, लॅपटॉप दुसऱ्या सबनेटमध्ये असेल तर त्याचं उत्तर तुमच्या कामाचं नाही.

रूट ठीक निघाला तर दुसरा संशय मोडवर. शेवटचा एमडीसीएक्स मकरपुऱ्याला पोचला नाही किंवा गेटवेने नाकारला, तर मोड ‘फक्त ऐक’ असाच राहतो. पण मग उलटं व्हायला हवं होतं: नंदेसरीला तुमचं ऐकू गेलं नसतं. नंदेसरीकडचाच मोड ‘फक्त ऐक’वर अडकला असेल तर मात्र लक्षणं अगदी तुमच्यासारखीच, फरक एवढाच की तेव्हा नंदेसरीचा पीएस शून्य दिसेल. चालू कॉलवर एजंटकडून एयूसीएक्सने विचारता येतं, कोणता मोड आहे आणि समोरचा पत्ता कोणता धरलाय. तिसरा संशय फायरवॉलवर. कोणीतरी यूडीपी २४२७ आणि २७२७ उघडून काम झालं समजतो. ते सिग्नलिंगचे पोर्ट. आवाजाचे पोर्ट वेगळे, पुष्कळ गेटवेंमध्ये १६३८४ पासून पुढचे, आणि ते दर कॉलला बदलतात. हेड ऑफिसात सिस्कोचा कॉल मॅनेजर असेल आणि गेटवेवर पीआरआय लाइन (टेलिफोन कंपनीची अनेक चॅनेलची डिजिटल लाइन) असेल तर टीसीपी २४२८ ही लागतो, कारण पीआरआयची डी-चॅनेल सिग्नलिंग गेटवे न वाचता त्या पोर्टवरून सर्व्हरकडे पाठवतो. तो बंद असेल तर अ‍ॅनालॉग फोन मजेत चालतात आणि पीआरआय तेवढी उठत नाही.

जाता जाता कोडेकही पाहून घ्या. भारतातली टेलिफोन लाइन ए-लॉ या पद्धतीची, आणि परदेशी नमुन्यावरून कॉन्फिगर केलेला एजंट म्यू-लॉ मागतो. दोन्ही जी.७११ च, ६४ केबीपीएसच. एकाने पाठवलेलं दुसऱ्या पद्धतीने उलगडलं तर आवाज खरखरीत, चिरका येतो, पण शब्द कळतात, त्यामुळे तक्रार येते ती ‘लाइन खराब’ अशी. जी.७२९ लावून बँडविड्थ वाचवली असेल तर बँकेच्या आयव्हीआरवर ‘एक दाबा’ करून बघा. त्या कोडेकमधून डीटीएमएफचे, म्हणजे बटणं दाबल्यावर होणारे, सूर नीट जात नाहीत. अंक आरएफसी ४७३३ प्रमाणे वेगळ्या पॅकेटात पाठवायची सोय चालू असायला हवी.

एच.२४८ बद्दल तुम्ही विचारलं नव्हतं, पण टेलिफोन कंपनीच्या माणसाशी बोलायची वेळ आली तर तो हेच नाव घेईल. मेगॅको तोच. इंटरनेटवाले आणि आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) यांनी मिळून २००० मध्ये आणला. हुकूम देणारा आणि पाळणारा हे नातं तेच, फक्त मांडणी जास्त सुबक. एमजीसीपीत एंडपॉइंटवर, म्हणजे गेटवेच्या एखाद्या लाइनवर, कनेक्शन लटकवायचं, एच.२४८ मध्ये कॉन्टेक्स्ट नावाची एक जागा असते आणि तिच्यात टर्मिनेशनं आणून ठेवायची. कॉल म्हणजे एका कॉन्टेक्स्टमध्ये दोन टर्मिनेशनं: एक लाइनचं, कायमचं, दुसरं आरटीपीचं, कॉलपुरतं जन्मणारं. तिसरं अ‍ॅड केलं की कॉन्फरन्स. कॉल वेटिंगला लाइनचं टर्मिनेशन एका कॉन्टेक्स्टमधून दुसऱ्यात मूव्ह. संपलं की सबट्रॅक्ट. मेसेज मजकुरातही जातात (पोर्ट २९४४) आणि बायनरीतही (२९४५). बायनरी असेल तर डोळ्यांनी वाचायची आशा सोडा, वायरशार्क या पॅकेट वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवा. व्होल्टीई मोबाइलवरून जुन्या पद्धतीच्या लँडलाइनला कॉल जातो तेव्हा मोबाइल कंपनीच्या आयएमएसमधला (आयपीवरचे कॉल हाताळणाऱ्या यंत्रणेतला) कंट्रोलर त्याच्या मीडिया गेटवेशी याच प्रोटोकॉलने बोलतो.

सिप आणि हे, यांची स्पर्धा लावणं मला पटत नाही. सिप बरोबरीच्या दोघांतलं बोलणं आहे. दोन्ही टोकांना कॉल समजतो. एक सॉफ्टस्विच दुसऱ्या सॉफ्टस्विचशी सिपने बोलतो आणि आपल्या ताब्यातल्या गेटवेंशी एमजीसीपीने किंवा एच.२४८ ने. छोट्या ऑफिससाठी आज नवीन गेटवे घ्यायचा असेल तर सिपचाच घ्या. आपल्या मकरपुऱ्यातली मॅट्रिक्स बनवते तसले सिपवाले गेटवे सहज मिळतात, आणि एमजीसीपी जाणणारी माणसं कमी होत चालली आहेत. शिवाय एमजीसीपीत स्वतःची अशी ओळखपाळख तपासण्याची सोयच नाही. आयपीसेक (पॅकेटं सुरक्षित करायची वेगळी सोय) लावा असं सांगून तो मोकळा होतो. त्याचे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवणं म्हणजे आपल्या खात्यावर कोणालाही परदेशी कॉल करू देणं. त्या बदल्यात एमजीसीपी एक सोय देतो: डिजिट मॅप एका जागी बदलला की सगळ्या प्लँटांत बदलतो. सिपचे सुटे गेटवे लावलेत तर ते प्रत्येक डब्यात जाऊन करावं लागेल.

मात्र व्हेंडर ‘सिपवर चला, हा त्रास जाईल’ म्हणत असेल तर आधी तो ट्रेसरूट करून घ्या. सिपमध्येही आरटीपी गेटवेंमध्ये थेटच धावणार, आणि नंदेसरीच्या राउटरवर मकरपुऱ्याचा रूट नसेल तर वॉचमनची तक्रार नव्या डब्यावरही तीच येईल. रूट घालायला पाच मिनिटं लागतात. घातल्यावर एक कॉल करा, दोन मिनिटं बोला, ठेवा, आणि २५० च्या उत्तरातला पीआर वाचा.